आधी भाव सांगा, मग इसार मागा

प्रति,
भारतात वेगवान आणि मोजक्या संख्येच्या मोटारी आणणाऱ्या कंपन्यांचे विक्रीप्रमुख
आणि त्यांचे अधिकृत विक्रेते यांस,

स. न. वि. वि.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी ग्रे आयर्नची, म्हणजे बिडाच्या ओतकामाची फाउंड्री आहे. फार मोठी नाही. ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, पंपाची हाउसिंग असं काम निघतं. त्यातलं काही चाकणच्या पुरवठादारांमार्फत तुमच्यापैकी कुणाच्या तरी गाडीत जात असणार. म्हणजे मी तुमचं गिऱ्हाईक आहे आणि लांबून का होईना, तुमच्याच धंद्यातला आहे. हेच म्हणणं आधी ईमेलनं कळवलं होतं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं यंत्राचं उत्तर आलं, म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

माझं वेड आधीच कबूल करतो. २०१६ साली मी अबार्थ पुंटो घेतली. आपल्या रांजणगावात बनलेली, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती. २०१५ च्या ऑक्टोबरात ती बाजारात आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती ९.९५ लाख. रविवारी पहाटे कळे गाव मागं टाकून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो की पुढचा तासभर मला जगात कुणाचं देणं नसतं. ‘परत घरीच यायचं तर जातोस कशाला?’ असं आई विचारते. तिला द्यायला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

त्या गाडीला आता वय झालं. दहा वर्षं पै-पै बाजूला टाकली होती, म्हणून गेल्या वर्षी एका कंपनीची मोजकीच येणारी गाडी घ्यायचं ठरवलं. कंपनीचं नाव घेत नाही. हे दुखणं एकीचं नाही, आणि शोरूममधल्या त्या पोराच्या नोकरीवर मला गदा आणायची नाही. एक लाख भरले. पावतीवर ‘बुकिंग रक्कम’ एवढंच. क्रमांक नाही, किंमत नाही, तारीख नाही. ‘सर, तुम्ही पहिल्या लॉटमध्येच आहात,’ हे तोंडी. तीन महिन्यांनी फोन आला: आपल्या शहराला गाडी अलॉट झालेली नाही, पण दुसऱ्या शहरातून एक निघू शकते, फक्त ‘पॅकेज’ घ्यावं लागेल. सिरॅमिक कोटिंग, वाढीव वॉरंटी, विमा त्यांच्याकडचाच, आणि ‘स्पेशल हँडलिंग’ नावाची एक ओळ. बेरीज दोन लाख ऐंशी हजार. मी नको म्हणालो. लाख रुपये सात आठवड्यांनी परत आले, बिनव्याजी. त्यानंतर दोनेक महिन्यांनी तीच गाडी, त्याच रंगाची, जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत दिसली. २४० किलोमीटर चाललेली, ‘पहिला मालक’, आणि मागणी नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीपेक्षा सहा लाखांनी जास्त.

मला याला जुना शब्द माहीत आहे. ‘ऑन’, म्हणजे मूळ किमतीवर मोजायचे जादा पैसे.

वडिलांनी बजाज चेतकची नोंदणी केली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. स्कूटर दारात आली तेव्हा मी पहिलीत होतो. तेव्हा हे घरोघरी होतं. चेतकसाठी सात-आठ, दहा-दहा वर्षं माणसं थांबलेली आहेत, आणि ज्याला थांबायचं नव्हतं तो ‘ऑन’ देऊन दुसऱ्याची स्कूटर उचलायचा. पण त्या टंचाईला कारण होतं. किती नग बनवायचे हे सरकारचा परवाना ठरवायचा, आकुर्डीच्या कारखान्याला मनात आलं म्हणून दुप्पट काढता येत नव्हत्या. आणि दुसरं, ती नोंदणीची पावती आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत अजून आहे, तिच्यावर क्रमांक आहे. रांग लांब होती, पण आपण रांगेत कितवे हे माणसाला माहीत होतं. परवाना राज जाऊन पस्तीस वर्षं होत आली. माझ्या पावतीवर क्रमांकही नाही.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी पहिली. किंमत सांगण्याआधी पैसे घेता. यात लपवाछपवी नाही, उलट अभिमानानं सांगितलं जातं. फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआयचं बुकिंग ५ मे २०२५ ला उघडलं, २.६५ लाख भरून. त्याआधी गाडीविषयीची प्रश्नमंजूषा सोडवायची होती. किंमत कळली २६ मे रोजी, ५२.९९ लाख. तोवर पहिल्या १५० गाड्या संपल्या होत्या. श्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, त्याच वर्षीची: संख्या १००, बुकिंग ६ ऑक्टोबरला, किंमत १७ ऑक्टोबरला ४९.९९ लाख, आणि त्या दिवशी एकही शिल्लक नाही. दोन्ही गाड्या उत्तम आहेत, घेणारे खूश आहेत, त्यांचं मला कौतुकच आहे, थोडा मत्सरही. पण लक्ष्मीपुरीच्या बाजारात धान्याचा व्यापारीसुद्धा आधी भाव बोलतो, मग इसार घेतो. पन्नास लाखांच्या वस्तूला हा नियम उलटा का? गिऱ्हाईक किती आंधळेपणानं पैसे टाकतं हे बघून किंमत ठरवली जात असेल, अशी शंका कुणाला आली तर तिचं निरसन करायला तुमच्याकडं काय आहे? प्रश्नमंजूषेबद्दल न बोललेलं बरं. मला जीटीआयचा इतिहास १९७६ पासून पाठ आहे. पण परीक्षा मी द्यायची आणि किंमत तुम्ही लपवायची, ही शाळा काही पटली नाही.

दुसरी तक्रार संख्येची. ‘भारतासाठी एवढ्याच’ म्हणता, पण ‘एवढ्याच’ का ते सांगत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं नियम सैल केला. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या आणि मान्य परदेशी प्रमाणपत्र असलेल्या गाड्या इथली वेगळी चाचणी न करता, प्रत्येक कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत आणता येतात. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्यांची चाचणी करणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या फेऱ्या वाचल्या, महिने वाचले, खर्च वाचला. मुभा अडीच हजारांची आणि आल्या शंभर, दीडशे.

इथं तुमची बाजूही मला दिसते, ती झाकून ठेवत नाही. तयार गाडी आणली की आयात शुल्कच ७० ते ११० टक्के. त्यावर जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी दोन लिटरच्या अशा गाडीवर सेस धरून तो ४८ टक्के होता, आता ४० आहे. शिवाय हात पोळलेले आहेत. २०१६ च्या नोव्हेंबरात पोलो जीटीआय आली, तीन दरवाज्यांची, १९२ अश्वशक्तीची. फक्त ९९ नग, किंमत २५.६५ लाख. एवढ्याही खपेनात. पुढं भाव १९.९९ लाखांवर आणावा लागला आणि आधी पूर्ण पैसे मोजणारे कपाळाला हात लावून बसले. पुण्यातल्या एका मित्राकडं त्यातली एक आहे. त्याच्यासमोर हा विषय आम्ही काढत नाही. म्हणजे जास्त आणल्या तर पडून राहतात, हे खरं आहे. पण त्या अनुभवातून निघायला हवं होतं की भाव रास्त ठेवू. निघालं काय, तर नग इतके कमी आणू की भावाचा प्रश्नच कुणी विचारणार नाही.

आणि फाउंड्रीवाल्याला नगांचं गणित शिकवू नका. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, करायला लाख रुपये गेले तर ते दीडशे नगांवर वसूल करायचे की पंधराशेवर, याचं उत्तर मी रोज देतो. दीडशे गाड्यांसाठी कुणी इथं अख्खी लाइन टाकणार नाही, मान्य. पण जिथं जोडणीची सोय आहे तिथं काय होतं तेही आपण पाहिलं. मर्सिडीजनं चाकणला एएमजी ए ३५ जोडली, मार्च २०२१ मध्ये ५६.२४ लाखांना विकायला काढली, ३०६ अश्वशक्ती. त्याच महिन्यात बीएमडब्ल्यूनं चेन्नईत जोडलेली एम ३४०आय आणली, ६२.९० लाख, ३८७ अश्वशक्ती. तिचे पहिले नगही भराभर गेले, पण कंपनीनं ‘संपल्या’ म्हणून हात झटकले नाहीत, पुन्हा जोडल्या. आज तुम्हाला कोल्हापूरच्या रस्त्यावरही एम ३४०आय दिसेल. मागणी होती, माल आला, विषय संपला. त्या गाडीबद्दल मला पत्र लिहावं लागलं नाही.

तिसरी तक्रार ही मघाच्या पॅकेजची, आणि इथं मला खरा राग आहे. हे तुमच्या कानावर घातलं की उत्तर ठरलेलं: विक्रेता हा स्वतंत्र व्यावसायिक आहे, त्याच्या व्यवहारात आम्ही हस्तक्षेप करत नाही. असं का? २३ ऑगस्ट २०२१ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा आदेश काढून वाचा. मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड झाला. सुरुवात एका निनावी ईमेलपासून, विषय आपल्याच महाराष्ट्र-गोव्याकडच्या विक्रेत्यांचा. आयोगानं म्हटलं की ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत विक्रेत्यांना देऊ दिली जात नव्हती. खोटी गिऱ्हाइकं पाठवून कोण जास्त सूट देतो ते पकडलं जायचं आणि पकडलेल्याला दंड. कंपनी अपिलात गेली, तो तिचा हक्क आहे. ती काही या पत्रातल्यासारख्या वेगवान, मोजक्या गाड्या विकत नाही, हेही खरं. पण आयोगाच्या कागदावर दिसतं ते हे की, कंपनीला बघायचंच असेल तर शोरूमच्या टेबलावर काय चाललंय ते दिल्लीत बसून दिसतं. विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला पाच हजार जास्त सोडले तर दिसावं आणि पावणेतीन लाख जास्त घेतले तर दिसू नये, हा कुठला चष्मा?

विम्याची सक्ती तर उघड नियमाविरुद्ध आहे. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शोरूममधून पॉलिसी विकता येते, पण ती तिथूनच घे अशी जबरदस्ती करता येत नाही. मी हे त्या पोराला सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, नियम बरोबर आहे, पण गाडी एकच आहे.’ एवढं खरं वाक्य त्या सगळ्या व्यवहारात दुसरं कुणी बोललं नाही.

चौथी, लहान शहरांची. गाड्या मुंबई, दिल्ली, बंगळुरूकडं वळतात. कोल्हापूर, नाशिक, सोलापूरला तुमचं शोरूम आहे, सर्व्हिस आहे, साध्या गाड्यांचं मासिक टार्गेट आहे, पण असली गाडी आली की आमच्या नावाचा खाना कोरा. वाटपाचा निकष काय, हे कुणीही सांगत नाही. जुन्या गिऱ्हाइकाला आधी देता की जास्त गाड्या घेणाऱ्याला, की ओळखीच्याला? काहीही असो, लिहून टाका.

पाचवी: विकत घेऊन लगेच नफ्यात विकणाऱ्यांना तुम्ही मोकळं रान देता. यात तुमचा एक रुपया जात नाही म्हणून दुर्लक्ष. उलट ‘नव्यापेक्षा जुनी महाग’ ही फुकटची जाहिरात. अमेरिकेत फोर्डनं २०१६ मध्ये जीटी या गाडीसाठी अर्ज मागवले होते. पहिल्या ५०० गाड्यांसाठी महिनाभरात ६,५०६ अर्ज आले. कंपनी त्यातून गिऱ्हाईक निवडत होती, ती रीत मला आवडत नाही, नट आणि नामांकितांचंच नशीब उघडतं. पण एक अट होती: दोन वर्षं विकायची नाही. जॉन सिना या कुस्तीगीर-नटानं विकली, तर २०१७ मध्ये कंपनीनं त्याच्यावर दावा ठोकला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. आमच्या खासबागेतल्या पैलवानांवर अशी वेळ अजून आलेली नाही, पण आली तर हरकत नाही. जनरल मोटर्सनं २०२२ मध्ये कॉर्व्हेट झेड०६ सारख्या गाड्यांसाठी याहून सोपा उपाय काढला: वर्षाच्या आत विकलीस तर वॉरंटीचा काही भाग पुढच्या मालकाला मिळणार नाही. दलालाचं निम्मं गणित तिथंच कोसळतं. हे इथं करायला कुणाची परवानगी लागते?

एक गोष्ट पुढची म्हणून आत्ताच बोलून ठेवतो. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला करार झाला, त्यात ठरावीक कोट्यापुरतं मोटारींवरचं शुल्क १० टक्क्यांपर्यंत उतरायचं आहे. युरोपीय संघाबरोबरही तीच दिशा ठरली आहे. शुल्क उतरलं की गाडी स्वस्त होईल अशा आशेवर आमच्यासारखे कितीतरी थांबलेत. पण दीडशेच गाड्या आणायच्या आणि किंमत न सांगता विकायच्या, हीच रीत चालू राहिली तर उतरलेलं शुल्क गिऱ्हाइकाच्या खिशात कशाला येईल? ते वाटेतच थांबेल. सरकारनं सोडलं, तुम्ही धरलं.

मागण्या फार नाहीत, आणि स्वस्त गाडी द्या असं मी कुठंही म्हणत नाही. गाडी साठ लाखांची असेल तर साठ म्हणा. मला परवडली नाही तर मी पुंटोचं इंजिन खोलून घेईन.

एक रुपयाही घेण्याआधी एक्स-शोरूम किंमत जाहीर करा. गाडी मिळेपर्यंत ती बदलायची असेल तर कोणत्या कारणानं आणि किती, हे पावतीवर छापा, आणि त्या कारणावरून गिऱ्हाइकानं नाही म्हटलं तर पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत.

किती गाड्या येणार, कोणत्या शहराला किती, आणि दुसरी तुकडी येणार आहे की नाही, हे बुकिंग उघडायच्या दिवशी सांगा. ‘पुढचं बघू’ म्हणायचं असेल तर तसंही लिहा, पण मग ‘शेवटची संधी’ असं म्हणू नका.

पावतीवर क्रमांक द्या. तो क्रमांक तुमच्या संकेतस्थळावर टाकला की मी कितवा हे दिसलं पाहिजे. मागणी जास्त असेल तर सरळ सोडत काढा, सगळ्यांसमोर. म्हाडाची घरं निघतात तशी. तिथं नंबर लागला नाही म्हणून माणूस हळहळतो, पण शेजाऱ्याला वशिल्यानं मिळालं असं सहसा म्हणत नाही.

या गाड्यांचं बिल कंपनीनं थेट गिऱ्हाइकाच्या नावानं फाडावं. हे अशक्य नाही. मर्सिडीजनं ऑक्टोबर २०२१ पासून भारतात असंच चालवलं आहे, माल कंपनीचा, देशभर किंमत एक, विक्रेत्याला त्याचं कमिशन. सगळ्या गाड्यांना जमत नसेल तर निदान या शंभर-दीडशेंना लावा. विक्रेत्याचं पोट यावर चालत नाही, त्याचं पोट वर्कशॉपवर चालतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि वर्षभर पुनर्विक्रीची अट घाला. अडचणीमुळं कुणाला विकावीच लागली तर कंपनीनं बिलाच्या किमतीला परत घ्यावी आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यावी. माझ्या नावानं गाडी निघाली तर या अटीवर पहिली सही मी करतो.

विक्रेत्यांना एक वेगळं सांगणं. पॅकेज विकायचं तर विका, सिरॅमिक कोटिंग मीही करून घेईन, कोल्हापुरात पाऊस काही कमी नाही. फक्त ते गाडीच्या किल्लीला बांधू नका.

या पत्राचं उत्तर मला एकट्याला पाठवू नका. जिथं गाडीची जाहिरात करता तिथंच द्या. माझ्यासारखे बरेच जण आहेत. साताऱ्यात आहेत, नगरला आहेत, मडगावला आहेत, आणि प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात अशी एक बिनक्रमांकाची पावती आहे. माझी मी वडिलांच्या चेतकच्या पावतीशेजारी ट्रंकेत ठेवली आहे. पुढच्या गाडीची घोषणा कराल त्या दिवशी मी फाउंड्री दुपारपर्यंत बंद ठेवून फोन घेऊन बसणार आहे. गाडीचे फोटो नंतर बघेन. आधी दोन आकडे शोधेन, किंमत आणि संख्या. ते दिसले नाहीत तर भट्टी पुन्हा पेटवायला जाईन.

आपला,
शिरोलीचा एक फाउंड्रीवाला